तुपाविना सणाचं पान : तिरुवैयारुचा अशोका आणि कॉर्कचा बटाटा

आजची सुरुवात स्वयंपाकघरातून नाही, घाटावरून करते.

तिरुवैयारु म्हणजे पाच नद्यांचं गाव. तंजावरपासून साधारण १३ किलोमीटर. तमिळमध्ये 'ऐयारु' म्हणजे पाच नद्या, आणि 'तिरु' म्हणजे आपलं 'श्री'. इथल्या पुष्य मंडप घाटावर आडी महिन्याच्या १८ व्या दिवशी, म्हणजे २ किंवा ३ ऑगस्टला, बायकांची नुसती रीघ लागते. या दिवसाला 'आडी पेरुक्कु' म्हणतात. कावेरीला पूर येतो तो दिवस. नदीला सवाष्ण मानून हळदकुंकू, फुलं, काळे मणी वाहायचे, पिवळा दोरा गळ्यात बांधायचा आणि घरून आणलेले चित्रान्नाचे डबे वाळूत बसून उघडायचे. चिंचेचा भात, नारळाचा भात, लिंबाचा भात, तिळाचा भात, गोड पोंगल आणि शेवटी दहीभात.

गेल्या आडीला आमच्या डब्यांत एक डबा जास्त होता. त्यावर मी दोरा बांधला होता, ओळखू यावा म्हणून. तो लेकीचा.

लेक आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात असते. तीन वर्षांपूर्वी तिने दूध सोडलं. दूध म्हणजे दही, ताक, लोणी, तूप सगळंच. मधसुद्धा. अंडं-मांस आमच्याकडे नव्हतंच. यालाच 'व्हीगन' म्हणतात. नुसतं शाकाहारी वेगळं आणि हे वेगळं, हे आधी लक्षात घ्या, कारण आपल्याकडे "अहो, आम्ही शुद्ध शाकाहारी" म्हणून ज्या ताटात वाढतात, त्यात तुपाशिवाय एक घास नसतो.

तुम्ही गेले काही महिने विचारताय की घरातली मुलगी, सून, जावई व्हीगन झाले तर सणाला करायचं काय. कुणी पुण्याहून विचारतं, कुणी इंदूरहून, कुणी बेळगावहून. म्हणून आजचा भाग त्यावर. आमची तंजावरी मराठी तुम्हाला जुनी आणि तमिळ मिसळलेली वाटते, म्हणून पुस्तकासाठी जरा सरळ करून सांगतेय.

आधी भांडण

खरं सांगते, मला राग आला होता. आपल्याकडे भातावर तुपाची धार पडल्याशिवाय जेवणाला सुरुवात नाही. तिला आपण अन्नशुद्धीच म्हणतो. म्हणजे त्या थेंबाआधी अन्न अजून अन्न झालेलंच नसतं! लेकीने पहिल्यांदा पानावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "आई, मला नको." मला वाटलं, हिने तूप नाही नाकारलं, मलाच नाकारलं.

ती म्हणाली, तिने तिकडे दुधाचे मोठे गोठे पाहिले. वासरू जन्मलं की थोड्याच वेळात आईपासून बाजूला काढतात. मी म्हणाले, अगं, आमच्या अण्णांच्या गोठ्यात वासराला आधी सोडायचे, मग धार काढायचे. ती म्हणाली, "आता आपण पिशवीचं दूध घेतो ना, त्याच्या गोठ्यात काय करतात तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. गप्प बसले. पण पटलं असं नाही.

मग मला सासूबाईंची ऋषिपंचमी आठवली. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी त्या बैलाच्या कष्टाचं काही खात नसत. नांगरटीचं धान्य नाही, हातानं लावलेल्या परसातल्या भाज्या, अळू, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस, असलं सगळं एकत्र शिजवायचं. त्या दिवशी दूध-तूप घ्यायचं की नाही, हे घराघरावर. पण विचार बघा. एक दिवस जनावराच्या श्रमाचं माझ्या पोटात नको, हे आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या. लेक तेच वर्षभर पाळते. एवढं ध्यानात आल्यावर माझा राग गेला नाही, पण निवळला. मग मी भांडण सोडून भांडी काढली.

जिन्नस नाही, काम बघा

पहिली चूक मीच केली. तूप नको ना, मग तुपाच्या जागी तेल. दूध नको ना, मग दुकानातलं बदामाचं दूध. सगळं बिघडलं. खीर पाणचट झाली आणि शिऱ्याला भज्यांचा वास आला.

आम्हा तंजावरच्या मराठ्यांना खरं तर हे कळायला हवं होतं. आमच्याकडे सांबाराची एक गोष्ट सांगतात. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७५-७६ च्या सुमारास. त्यांच्या मुलाच्या, शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसूल लागायचं, ते महाराष्ट्रातून यायचं. एकदा संपलं. मग कुणीतरी इथली चिंच घातली, पाहुणे होते संभाजीराजे, त्यांच्या नावावरून सांबार. याला कागदाचा पुरावा नाही, दंतकथाच ती. पण स्वयंपाकाचा धडा म्हणून ती अगदी खरी आहे. आमसूल संपलं तेव्हा त्या आचाऱ्याने आमसुलासारखं दिसणारं फळ शोधलं नाही. आमसूल आमटीत काय काम करतं, हे बघितलं. आंबटपणा देतं. मग इथे आंबट काय मिळतं?

तसंच दुधदुभत्याचं करा. प्रत्येक पदार्थात त्याचं काम वेगळं असतं.

तूप चार कामं करतं. भाजताना उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं, पदार्थ कढईला चिकटू देत नाही, वर चकाकी आणतं आणि खमंग वास देतं. दूध दाटपणा देतं आणि मसाल्याची, गुळाची धार बोथट करतं. दही-ताक आंबटपणा देतं आणि सोड्याबरोबर आलं तर पदार्थ फुलवतं. यातलं कुठलं काम तुमच्या पदार्थाला हवंय, ते आधी ठरवा. मग जिन्नस आपोआप सुचतो.

अशोका : तुपाची खरी परीक्षा

तिरुवैयारुला आलात आणि अशोका न खाता गेलात, तर आलातच कशाला? मुगाच्या डाळीचा हलवा तो. केशरी रंगाचा, मऊ, आणि तुपाने इतका माखलेला की पानाचा द्रोणसुद्धा चमकतो. मंदिरापासून बाजारापर्यंत त्याचाच वास असतो. जानेवारीत त्यागराज आराधनेला येणारी गाणारी मंडळीसुद्धा जाताना त्याच्या पुड्या बांधून नेतात.

तुपाविना अशोका म्हणजे सुराविना गाणं, असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, बघू.

आधी वास कुठून येतो ते समजून घेऊ. लोणी कढवताना तळाला बेरी बसते, ती तांबूस होते आणि तिचाच खमंगपणा तुपात उतरतो. म्हणजे तो वास नुसत्या स्निग्धाचा नाही, भाजलेपणाचा आहे. तर मग भाजणं दुसरीकडे वाढवायचं. डाळ भाजायची, कणीक भाजायची, काजू भाजायचे.

प्रमाण लिहून घ्या. मुगाची डाळ १ वाटी, कणीक पाव वाटी, साखर पावणेदोन वाट्या, काजू २४, वेलची ४, पाऊण वाटी स्निग्ध, चिमूटभर मीठ आणि हवा असेल तर केशरी रंग.

डाळ कोरडीच मंद आचेवर भाजा. रंग फिकट बदामी झाला आणि घरभर वास सुटला की थांबा. धुऊन ३ वाट्या पाणी घालून कुकरच्या ४-५ शिट्ट्या द्या. गरम असतानाच घोटून अगदी लोण्यासारखी करा. १२ काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गंधासारखे वाटा. उरलेले १२ स्निग्धात तळून बाजूला काढा. त्याच स्निग्धात कणीक घालून ती बिस्किटाच्या रंगावर येईपर्यंत सावकाश परता. इथे घाई केलीत तर सगळं फुकट. मग डाळ घाला, काजूची पेस्ट घाला, एकजीव झाली की साखर. साखर घातल्यावर मिश्रण पातळ होतं, घाबरू नका. ढवळत राहा. कडेने सुटायला लागलं, चमच्यावरून गोळ्याने पडलं आणि कडेला तेल दिसलं, की झालं. वेलची, मीठ, तळलेले काजू घालून उतरवा.

आता स्निग्ध कुठलं? खोबरेल. पण वासाचं नाही, शुद्ध केलेलं, बिनवासाचं. घाण्याचं खोबरेल घेतलंत तर अशोका लागणार नाही, केरळची मिठाई लागेल. तीही वाईट नाही, पण ती वेगळी.

आणि इथे माझी एक फजिती सांगते. इथे खोबरेलात अशोका फक्कड झाला, म्हणून मी मागच्या मार्चमध्ये कॉर्कला गेले तेव्हा तिथेही तसाच केला. रात्री केला, झाकून ठेवला. सकाळी उलथनं घातलं तर आत जाईना! मेणबत्ती कापतोय असं वाटलं. कारण साधं आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. तिरुवैयारुत ते वर्षातले बहुतेक दिवस पातळच असतं, आयर्लंडच्या मार्चमध्ये ते दगड होतं. मग दुसऱ्या खेपेला अर्धं खोबरेल आणि अर्धं सूर्यफुलाचं तेल घेतलं. मऊ राहिला. तेव्हा थंड गावात राहणाऱ्या मंडळींनो, निम्मं-निम्मं घ्या आणि वाढायच्या आधी जरा कोमट करा.

चव? प्रामाणिकपणे सांगते. तुपाच्या अशोक्याच्या शेजारी ठेवलात तर फरक कळतो. एकटा वाढलात तर वाटी चाटून पुसून खातात.

कॉर्कचं लोणी

आता मी कॉर्कला कशाला गेले होते, ते. १७ मार्चला आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिक यांचा सण असतो. सार्वजनिक सुट्टी, मिरवणुका, कोटाला तीन पानांची शॅमरॉकची डहाळी. लेकीने शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि सगळं व्हीगन करायचं होतं. मला म्हणाली, "आई, तू नुसती बसून राहा." मी बसेन होय?

गंमत अशी की कॉर्क हे लोण्याचं गाव. तिथला लोण्याचा बाजार १७७० च्या सुमाराला सुरू झाला, तेव्हा आपले त्यागराज तीन वर्षांचे होते. पुढच्या शतकात तो जगातला सगळ्यात मोठा लोण्याचा बाजार झाला. भांडी भरभरून लोणी जहाजांनी परदेशी जायचं. आज तिथे चक्क लोण्याचं संग्रहालय आहे. लेकीने मला दाखवलं, आणि स्वतः बाहेर न थांबता माझ्याबरोबर आत आली, हेही सांगते.

पण पिकवणाऱ्याच्या ताटात काय होतं? गरीब आयरिश माणूस बटाटे खायचा आणि लोणी काढून उरलेलं ताक प्यायचा. लोणी विकून घराचं भाडं भरायचा. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढची काही वर्षं भयंकर दुष्काळ झाला, लाखो माणसं मेली, आणि त्याच काळात आयर्लंडमधून लोणी आणि धान्य बाहेर जातच होतं. हे ऐकल्यावर मला आमच्या शेतावरच्या बायका आठवल्या. कढईत तूप ओतणारे हात आणि तूप खाणारी तोंडं नेहमी एकाच घरातली नसतात.

आणखी एक. हा सण ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांच्या उपवासाच्या काळात येतो. जुन्या काळी त्या उपवासात मांसच काय, दूध-लोणीही वर्ज्य असायचं. आयरिश भाषेत दुधदुभत्याला 'पांढरं अन्न' अशा अर्थाचा शब्दच आहे. म्हणजे 'लोण्याशिवाय कसं व्हायचं' हा प्रश्न त्या लोण्याच्या देशालाही नवा नाही. आपल्याला चातुर्मास, त्यांना लेंट.

तिथे लेकीने दोन पदार्थ केले, तेही सांगते. घरात असलेल्या जिनसांत होतात.

पहिला कोलकॅनन. उकडलेल्या बटाट्यात कोबी किंवा केल नावाची पालेभाजी कालवतात, दूध घालून घोटतात आणि मध्ये खळगा करून त्यात लोणी सोडतात. आपल्या भाताच्या मुदीवर तूप सोडतो ना, अगदी तसं! इथे दुधाचं काम मऊपणा आणि लोण्याचं काम स्निग्धपणा. १ किलो बटाटे मीठ घालून उकडा आणि ते पाणी फेकू नका. त्यात बटाट्याचं सत्त्व उतरलेलं असतं, दुधाचं काम तेच करतं. गरम बटाटे लगेच कुस्करा, ५ चमचे ऑलिव्ह तेल घाला, मग ते गरम पाणी थोडं थोडं. वाफवलेला बारीक कोबी आणि कांद्याची पात कालवा. मिक्सर अजिबात नको, खळ होते. खळग्यात लेकीने तेल सोडलं. मी मात्र तिच्या नकळत एका वाडग्यावर मोहरी, हिंग, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी ओतली. कुठला वाडगा आधी संपला, हे मी सांगणार नाही. माझ्या तोंडून बरं दिसत नाही.

दुसरा सोडा ब्रेड. तिकडचा गहू मऊ जातीचा, यीस्टने नीट फुगत नाही, म्हणून ताक आणि खाण्याचा सोडा वापरतात. ताकाचं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो. आपल्या ढोकळ्याचंच तत्त्व. मग ताकच कशाला हवं, आम्ल हवं. साडेतीनशे मिलिलिटर ओटच्या दुधात २ मोठे चमचे लिंबाचा रस घालून ५ मिनिटं ठेवा. ४५० ग्रॅम पीठ, १ लहान चमचा सोडा, १ लहान चमचा मीठ. हलक्या हाताने गोळा करा, मळू नका, वर सुरीने फुलीसारखी खोल चीर द्या आणि लगेच २०० अंशांवर साधारण ४० मिनिटं भाजा. 'लगेच' महत्त्वाचं. भट्टी आधी तापलेली हवी, नाहीतर वायू निघून जातो आणि पाटा हातात येतो.

परत तिरुवैयारुला : आडीचे डबे

ऑगस्टमध्ये तिकडे शाळांना सुट्टी, तेव्हा लेक मुलांना घेऊन इकडे आली. आडीच्या डब्यांची यादी करायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की सहांपैकी चार भात मुळातच तिला चालणारे आहेत. चिंचेचा, नारळाचा, लिंबाचा, तिळाचा. कारण आमच्याकडे चित्रान्नाला तूप नसतंच, तिळाचं तेल असतं. तमिळमध्ये त्याला 'नल्लेण्णै' म्हणतात, म्हणजे चांगलं तेल. वाळूत बसून दुपारी खायचं अन्न ते. चिंच, तेल आणि मीठ त्याला टिकवतात.

तुमच्याकडेही अशीच यादी करून बघा. तिळगूळ, तेलाच्या मोहनाची गूळपोळी, भोगीची भाजी, कटाची आमटी, नुसतं पुरण, तूप न घातलेले उकडीचे मोदक. सणाचं अर्धं ताट आधीच तयार असतं, आपण फक्त वरून तूप सोडतो.

उरले दोन, गोड पोंगल आणि दहीभात.

गोड पोंगलात दूध आणि तूप दोन्ही. दुधाच्या जागी नारळाचं दूध घ्या, पण तीन वेळा काढून. एका नारळाच्या चवाचं पहिलं घट्ट दूध वाटीभर, ते बाजूला. मग पाणी घालून दुसरं आणि तिसरं. १ वाटी तांदूळ आणि पाव वाटी भाजलेली मूगडाळ त्या पातळ दुधात शिजवा, दीड वाटी गुळाचा गाळलेला पाक घाला, आटू द्या. घट्ट दूध शेवटी, गॅस बंद केल्यावर. उकळलंत तर ते फाटतं. गाईचं दूध गुळाबरोबर फाटतं म्हणून आपण जपतो, तेच जपणं इथे. खिरींनाही हाच नियम.

दहीभातासाठी शेंगदाण्याचं दही. १ वाटी कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, ३ वाट्या पाणी घालून वाटा, गाळा. ते दूध ढवळत १० मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या. मग हिरव्या मिरचीचे ५-६ देठ बुडवून ८-१० तास उबेला ठेवा. देठांवर जे जिवाणू असतात ते विरजणाचं काम करतात. पुढच्या वेळी याच दह्याचं विरजण लावा. थंडीत जास्त वेळ लागतो. नुसतं खाल तर शेंगदाण्याची चव लागते. पण भातात कालवून आलं, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी दिली की गोडी लागते.

डांगर पचडी मात्र जमली नाही. उडदाचं डांगर आणि दही, आमच्या तंजावरी मराठी पानातली खास डावी बाजू. शेंगदाण्याच्या दह्यात ती गिळगिळीत लागते. दोनदा केली, दोनदा सोडली. काही पदार्थांचं काम आणि जिनस वेगळे काढता येत नाहीत, हे मान्य करावं. ती आम्ही आमच्यासाठी करतो, लेकीला त्या दिवशी नारळाची चटणी.

दोरा कशासाठी

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाककृती चुकली तर पदार्थ बिघडतो. विश्वास चुकला तर माणूस बिघडतं.

त्या सकाळी मी लेकीच्या दहीभातावर फोडणी घातली, डबा बंद केला, दोरा बांधला. घाटावर ती पहिला घास घेणार, तेवढ्यात मला आठवलं. फोडणीत मी सांडगी मिरची चुरडली होती. आमची 'मोर मिळगाय', ताकात मुरवून वाळवलेली. वर्षानुवर्षांचा हात, डोळे मिटून डब्यात जातो. कुणाला कळलं नसतं. मला मात्र कळलं होतं.

एक क्षण वाटलं, जाऊ दे. एवढंसं ताक, तेही वाळलेलं. मग म्हटलं, नाही. "अगं, थांब. तो नको खाऊस." तिने डबा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि चिंचेचा भात वाढून घेतला. काही बोलली नाही. रात्री मात्र स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, आता तुझ्या हातचं मी न विचारता खाईन."

म्हणून ही छोटी यादी लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण दूध लपून बसतं. ताकातली सांडगी मिरची. लोणी घातलेली चकली-मुरुक्कू. फुलक्याला लावलेलं तूप. गुलाबी रव्याची भाजणी तुपात झाली होती का, ते. बाजारच्या बिस्किटातली दूध पावडर. देवळाच्या प्रसादाचं पोंगल. आणि तुपाचाच झारा दुसऱ्या कढईत. घरात कुणाला दुधाची खरी ॲलर्जी असेल तर हे आणखी काटेकोर पाळा. तुपातही दुधातली प्रथिनं अंशमात्र उरू शकतात, तेव्हा 'तूप म्हणजे दूध नव्हे' असं म्हणून त्या मुलाला भरवू नका. डॉक्टरांना विचारा.

शेवटचा थेंब

आमच्या घरापासून त्यागराजांची समाधी लांब नाही. १८४७ मध्ये पुष्य वद्य पंचमीला ते गेले. ती समाधी पडीक झाली होती. बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःचं सगळं घालून तिथे मंदिर बांधलं, १९२५ मध्ये ते उभं राहिलं. आराधनेच्या दिवशी सकाळी उंछवृत्तीची फेरी निघते, कारण त्यागराज दारोदार गात जात आणि ओंजळीत जे तांदूळ पडतील त्यांवर घर चालवत. आमचे सरफोजी महाराज त्यांना दरबारात बोलावत होते, त्यांनी ते नाकारलं, असं सांगतात. त्या प्रसंगाशी जोडलेली 'निधि चाल सुखमा' ही कृती तुम्ही ऐकली असेल. तिच्यात दही, लोणी, दूध यांची नावं येतात, आणि रामाच्या ध्यानापुढे त्यांची चव ती काय, असा तिचा रोख आहे. त्यागराज काही व्हीगन नव्हते. ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण तुपाच्या धारेत शुद्धी असते की वाढणाऱ्याच्या मनात, हे मी त्या समाधीसमोर बसून बरेच दिवस विचारत राहिले.

आता आमच्याकडे असं ठरलंय. देवाच्या पानावर तूप, सासूबाईंनी शिकवलं तसं. आमच्या ह्यांच्या पानावर तूप. लेकीचं पान देवाच्या पानाआधी, कोऱ्या पळीने. अशोका दोन कढयांत. तिच्या भातावर मी काहीच सोडत नाही. सुरुवातीला तिळाचं तेल सोडून बघितलं, ती म्हणाली, "रिकामंच राहू दे आई, नाटक नको." बरोबर आहे तिचं.

पण हाताला सवय आहे. भात वाढला की तो तुपाच्या वाटीकडे जातोच. मग लेक माझ्याकडे बघते, मी चमचा परत वाटीत ठेवते, आणि दोघी हसतो. त्यानंतरच आमच्याकडे जेवायला सुरुवात होते.

करून बघा आणि काय बिघडलं ते मला नक्की कळवा. जमलेलं तर सगळेच सांगतात. पुढच्या भागात रसवांगी. येते मी.